तांदळाच्या दाण्यांसारखे जंत, मनी आणि तिची चार पिल्ले

प्रश्न : आमच्याकडे मनी नावाची तीन वर्षांची मांजर आहे. पाच आठवड्यांपूर्वी तिला चार पिल्ले झाली. मनी ज्या गोधडीवर झोपते तिच्यावर आणि तिच्या शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यांसारखे काहीतरी चिकटलेले दिसते. त्यांतले काही दाणे वळवळतात. मेडिकलमधून पायरँटेलचे औषध आणून तिला दिले, पण दाणे थांबले नाहीत. परवा एका पिल्लाने उलटी केली, तीत बोटभर लांबीचा पांढरा जंत होता. पिल्लांची पोटे टम्म फुगलेली असतात. शेजारच्या काकू लसूण आणि वावडिंग द्यायला सांगतात. मुलांसाठी आणलेली अल्बेंडाझोलची गोळी घरात आहे, तिचा चतकोर तुकडा चालेल का? माझ्या जाऊबाईंना पाचवा महिना सुरू आहे आणि घरात माझा तीन वर्षांचा मुलगाही आहे. त्यामुळे सासूबाई म्हणतात की मनीला पिल्लांसकट पोत्यात घालून दूर सोडून यावे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण बारकाईने पाहिले आणि पाहिलेले नेमके लिहिले, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या जंतांचे वर्णन आहे. गोधडीवरचे वळवळणारे दाणे हे पट्टकृमीचे तुकडे आहेत, तर पिल्लाच्या उलटीतून पडला तो गोलकृमी आहे. पायरँटेल हे औषध गोलकृमी आणि अंकुशकृमी (आतड्यातून रक्त शोषणारा जंत) यांच्यावर चांगले चालते, परंतु पट्टकृमीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. म्हणजे औषध खोटे नव्हते आणि आपण ते चुकीच्या पद्धतीने दिले असेही नाही. ज्या जंतासाठी ते दिले गेले, तो जंत त्या औषधाच्या आटोक्यातला नव्हता. ‘जंताचे औषध द्या’ असे म्हणून दुकानातून बाटली घेणाऱ्या बहुतेक घरांत असेच होते. आधी जंत कोणता ते ठरवावे आणि मग औषध ठरवावे, हा क्रम पाळला तर खर्च वाचतो आणि मुख्य म्हणजे पिल्लांचा वेळ वाचतो.

प्रथम मनीबद्दल लिहितो. मांजरांत सर्वाधिक आढळणारा पट्टकृमी म्हणजे डिपायलिडियम कॅनायनम. आतड्याच्या भिंतीला डोके चिकटवून तो राहतो आणि त्याच्या लांब, चपट्या शरीराच्या शेवटच्या टोकाकडून अंड्यांनी भरलेले एकेक तुकडे सुटत राहतात. हे तुकडे विष्ठेबरोबर तर बाहेर येतातच, पण मांजर झोपलेली असतानाही गुदद्वारातून आपोआप सरपटत बाहेर पडतात. म्हणूनच ते आपल्याला गोधडीवर आणि शेपटीखाली दिसले. ताजे असताना ते आखडतात आणि पसरतात. वाळल्यावर पिवळसर, टणक दाणे होतात. प्रौढ मांजराला या जंताचा फारसा त्रास होत नाही, आणि मनी व्यवस्थित खात-पीत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र हा जंत एका मांजराकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. त्याला मधला वाहक लागतो आणि तो वाहक म्हणजे पिसू.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण औषध देऊनही दाणे पुन्हा पुन्हा दिसतात अशी तक्रार जिथे असते, तिथे बहुधा पिसवांकडे दुर्लक्ष झालेले असते. पट्टकृमीची अंडी गोधडीत, सतरंजीत, दिवाणाखालच्या धुळीत पडतात. पिसवांच्या अळ्याही तिथेच वाढतात आणि ती अंडी खातात. अळीची पिसू होते तेव्हा तिच्या पोटात पट्टकृमीचे पिल्लू तयार असते. ती पिसू मांजराच्या अंगावर चढते, मांजर अंग चाटताना तिला गिळते आणि साधारण तीन आठवड्यांत नवा पट्टकृमी पुन्हा तुकडे सोडू लागतो. याचा अर्थ असा की पट्टकृमीचे औषध आज दिले, तो जंत मेला, तरीही घरात पिसवा असतील तर महिन्याभरात आपण पुन्हा आज आहात तिथेच याल. औषध कमी पडले असे तेव्हा वाटते, पण प्रत्यक्षात नवीन लागण झालेली असते.

पिसवा आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मनीला पांढऱ्या ओल्या कागदावर किंवा ओल्या पांढऱ्या फडक्यावर उभे करून तिच्या कमरेकडचे आणि शेपटीच्या मुळाकडचे केस बारीक दातांच्या फणीने विंचरावेत. काळे बारीक कण खाली पडले आणि ओल्या कागदावर त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे. तांबूसपणा पचलेल्या रक्ताचा असतो. नुसती माती असेल तर रंग पसरत नाही. प्रत्यक्ष पिसू एकही दिसली नाही तरी हा डाग पुरेसा पुरावा मानावा, कारण मांजर स्वतःला इतके चाटते की पिसवा बऱ्याचदा तिच्या पोटात गेलेल्या असतात.

पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल हे औषध आहे. ते साधारणपणे दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम या प्रमाणात एकदाच दिले जाते, चोवीस तासांत काम करते आणि दूध पाजणाऱ्या मांजरीलाही देता येते. औषधानंतर विष्ठेत जंत दिसला नाही तर औषध लागू पडले नाही असे समजू नये. हा जंत मेल्यावर आतड्यातच बव्हंशी पचून जातो. बाजारात मिळणाऱ्या अनेक मिश्र गोळ्या कुत्र्यांसाठी, दहा किलो वजनाला एक गोळी या हिशेबाने बनवलेल्या असतात. त्यांचा अंदाजाने तुकडा पाडून तीन किलोच्या मांजरीला देणे मला मान्य नाही. मनीचे वजन करून पशुवैद्यकाकडून मांजरांसाठीची मात्रा लिहून घ्यावी. वजन घरीच करता येते : आपण तिला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले एकटीचे वजन वजा करावे.

पिसवांचा बंदोबस्त तीन महिने चालवावा लागतो. मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा थोडाच भाग असतो. अंडी, अळ्या आणि कोष घरातच विखुरलेले असतात आणि कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे बाहेर न येता टिकून राहते. म्हणून मनीच्या मानेवर दर महिन्याला लावायचे मांजरांसाठीचे स्पॉट-ऑन औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करावे. त्याच काळात गोधडी आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी, दिवाण आणि कपाट सरकवून त्यांच्यामागचा केर काढावा आणि तो केर घरातल्या डब्यात न ठेवता लगेच बाहेर टाकावा. पाच आठवड्यांच्या पिल्लांना मात्र यांपैकी बहुतेक स्पॉट-ऑन औषधे चालत नाहीत. त्यांना रोज फणीने विंचरावे आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात.

इथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराला सोसत नाही. काही तासांत थरथर, झटके आणि प्रसंगी मृत्यू ओढवतो. ‘कुत्र्याचे आहे, थोडेसेच लावू’ असा विचार कोणत्याही परिस्थितीत करू नये. मुंग्या-झुरळांची पावडर मांजरीच्या अंगावर किंवा तिच्या गोधडीवर टाकणेही तितकेच घातक आहे, कारण अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट मांजर चाटून पोटात घेते.

मनीला उंदीर धरण्याची सवय असेल तर आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी. टिनिया जातीचा पट्टकृमी उंदरांतून मांजरात येतो. त्याचे तुकडे अधिक मोठे आणि चौकोनी असतात. त्यालाही प्राझिक्वांटेलच लागू पडते, पण तिथे पिसवा मारून उपयोग होत नाही. उंदीर खाणे थांबले नाही तर लागण होतच राहते. अशा मांजरांना पशुवैद्यक हे औषध ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा देतात. म्हणून पशुवैद्यकाकडे जाताना दोन-चार ताजे दाणे लहान बाटलीत थोड्या पाण्यासह न्यावेत. सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखणे अवघड नसते.

आता पिल्लांबद्दल. माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातला सर्वांत तातडीचा भाग हाच आहे; मनीचे दाणे चार दिवस थांबू शकतात, पण पिल्लांची गोष्ट थांबू शकत नाही.

उलटीतून पडलेला गोलकृमी म्हणजे टॉक्सोकारा कॅटी. हा पांढरट, अंगाने गोल, दोन्ही टोकांना निमुळता आणि साधारण ३ ते १० सेंटिमीटर लांब असतो. पिल्लांना तो बहुतेक वेळा आईच्या दुधातून मिळतो. मांजरीच्या स्नायूंत सुप्त पडून असलेल्या अळ्या बाळंतपणाच्या सुमारास जाग्या होतात आणि स्तनांत उतरतात. त्यामुळे पिल्लू कधीही घराबाहेर पडलेले नसले, त्याने माती हुंगलेलीही नसली, तरी त्याच्या पोटात जंत असणे अगदी स्वाभाविक आहे, आणि एका पिल्लात सापडला म्हणजे चारही पिल्लांत आहे असे धरूनच चालावे. फुगलेले पोट, त्यामानाने बारीक पाय आणि खांदे, निस्तेज केस, अधूनमधून उलटी, कधी पातळ तर कधी घट्ट शौच, भरपूर पिऊनही वजन न वाढणे, ही याची लक्षणे. निरोगी पिल्लाचे वजन जन्मतः सुमारे १०० ग्रॅम असते आणि दर आठवड्याला साधारण तितकेच वाढते. म्हणजे पाच आठवड्यांच्या पिल्लाने अर्ध्या किलोच्या आसपास असायला हवे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटीत बसवून चौघांची वजने आजच लिहून ठेवावीत आणि दर दोन दिवसांनी पुन्हा करावीत. एखाद्या पिल्लाचे वजन जागचे हलत नसेल, तर पोट कितीही भरलेले दिसले तरी ते पिल्लू आजारी आहे.

त्याहूनही महत्त्वाची तपासणी हिरड्यांची. प्रत्येक पिल्लाचा ओठ हलकेच वर करून हिरडीचा रंग पाहावा. ती गुलाबी असेल तर ठीक. फिकट किंवा पांढुरकी असेल, पिल्लू गार लागत असेल, गळून पडले असेल किंवा आईला लुचत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी पशुवैद्यकाकडे न्यावे. गोलकृमी अन्न खातो, पण अंकुशकृमी आतड्याच्या भिंतीतून रक्त शोषतो आणि पिसवा बाहेरून रक्त पितात. अर्ध्या किलोच्या जिवात रक्त असते तरी किती? दोन्ही बाजूंनी रक्त जात असलेले पिल्लू पाहता पाहता हातचे जाते. अंकुशकृमीची विष्ठा काळपट, डांबरी रंगाची असते, तीही पाहावी.

अंकुशकृमीचा उल्लेख निघाला आहे तर नागपूरपुरती एक गोष्ट सांगतो. त्याच्या अळ्यांना ओलावा आणि सावली लागते. त्या तोंडावाटे शरीरात जातात, तशाच पंजाच्या कातडीतूनही शिरतात. आपल्याकडे मे महिन्यात तापमान पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते, तेव्हा उघड्या अंगणातली माती भाजून निघते आणि अळ्या तिथे टिकत नाहीत. पण खिडकीबाहेरच्या कूलरखाली पाणी झिरपून वीत-दोन वीत माती ऐन उन्हाळ्यातही ओली आणि थंड राहते, आणि दुपारी मांजरे नेमकी तिथेच जाऊन बसतात. तिथेच त्यांचे मलविसर्जनही चालते. कूलरचे गळणे बंद करून तिथे फरशीचे तुकडे किंवा गिट्टी टाकली, तर एक मोठा अड्डा कमी होतो. पावसाळ्यात मात्र सगळे अंगणच तसे होते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात बाहेर फिरणाऱ्या मांजरांच्या विष्ठेची तपासणी चुकवू नये.

पिल्लांसाठी पायरँटेल हे सुरक्षित औषध आहे आणि ते तीन आठवड्यांच्या वयापासून देता येते. आपल्याकडची बाटली मात्र माणसांची आहे. तिच्यातले प्रमाण मुलांसाठीचे असल्याने अर्ध्या किलोच्या पिल्लाची मात्रा मिलिलिटरच्या फार छोट्या हिश्शात येते आणि चमच्याने मोजणे अशक्य असते. पशुवैद्यकाकडून वजनानुसार मात्रा लिहून घ्यावी, ती सुई नसलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने मोजावी आणि त्यापूर्वी बाटली नीट हलवावी, कारण औषध तळाशी बसते. पहिली मात्रा लगेच, त्यानंतर दर दोन आठवड्यांनी दूध पूर्ण सुटेपर्यंत आणि दूध सुटल्यावरही दोन आठवड्यांनी एकदा. पुढे पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला, असा क्रम ठेवावा. पुन्हा पुन्हा द्यावे लागते याचे कारण असे की औषध आतड्यातल्या जंतांना मारते, पण शरीरात इतरत्र प्रवास करत असलेल्या अळ्यांपर्यंत पोहोचत नाही. त्या दोन आठवड्यांत आतड्यात उतरतात आणि पुढच्या मात्रेच्या तावडीत सापडतात. पिल्लांना प्रत्येक वेळी औषध देताना त्याच दिवशी मनीलाही गोलकृमीचे औषध द्यावे. पशुवैद्यक पायरँटेलऐवजी फेनबेंडाझोल निवडू शकतात. ते ओळीने काही दिवस द्यावे लागते. औषधानंतर एक-दोन दिवस पिल्लांच्या शौचातून जंत पडतील, ते अपेक्षितच आहे. मात्र उलट्या थांबत नसतील आणि पोट कडक होऊन शौच बंद झाले असेल तर मेलेल्या जंतांचा गुंता आतड्यात अडकल्याची शंका घ्यावी आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

घरातल्या अल्बेंडाझोलच्या गोळीचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. दरवर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना हीच गोळी दिली जाते, ती मुलांसाठी उत्तम आहे, आणि त्यामुळेच ती मांजरालाही निर्धोक असेल असे वाटणे साहजिक आहे. पण मांजरात अल्बेंडाझोलमुळे अस्थिमज्जेचे काम बंद पडून रक्तपेशी तयार होणे थांबल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. चारशे मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर म्हणजे शंभर मिलिग्रॅम. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या मानाने ही मात्रा प्रचंड आहे.

लसणाबद्दलही तितकेच ठामपणे सांगतो. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो वा तुपात परतलेला असो, परिणाम तोच. ज्या पिल्लांचे रक्त जंत आणि पिसवा आधीच कमी करत आहेत, त्यांना लसूण देणे म्हणजे उरलेले रक्तही आपल्याच हाताने घालवणे होय. काकूंनी मायेपोटी सुचवले आहे याबद्दल मला शंका नाही. वावडिंग आपल्याकडे लहान मुलांना पिढ्यान्पिढ्या दिले जाते, परंतु अर्ध्या किलोच्या पिल्लावर त्याचा प्रयोग करण्यात दिवस घालवू नयेत. खात्रीचे, स्वस्त आणि सौम्य औषध हाताशी असताना तो धोका पत्करण्यासारखा नाही.

विष्ठेची तपासणी करून घ्याच. मनीची आणि पिल्लांची ताजी विष्ठा वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत घ्यावी, बोराएवढी पुरते, आणि काही तासांत पोहोचवावी. सेमिनरी हिल्सवर १९५८ साली सुरू झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या चिकित्सालयात किंवा आपल्या भागातल्या पशुवैद्यकाकडे ही तपासणी होऊ शकते. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. या तपासणीच्या मर्यादाही माहीत असाव्यात. डिपायलिडियमची अंडी तुकड्याच्या आतच राहत असल्याने नेहमीच्या तपासणीत बहुधा सापडत नाहीत, म्हणून अहवालात ‘जंत नाहीत’ असे आले तरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले दाणे खोटे ठरत नाहीत. आणि पिल्लांच्या बाबतीत जंत वाढून अंडी घालू लागेपर्यंत काही आठवडे जातात. तोवर विष्ठेत अंडी दिसत नाहीत, पण जंत त्रास देतच असतो.

तरीही तपासणी हवी, ती मुख्यतः दुसऱ्या कारणासाठी. पिल्लांना पातळ, आंबूस वासाचे किंवा शेंबडासारखे जुलाब होत असतील तर कॉक्सिडिया किंवा जिआर्डिया हे सूक्ष्म परजीवी असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि कॉक्सिडियावर तर कोणतेही नेहमीचे जंतनाशक चालत नाही. त्यांची औषधे वेगळी आहेत. मनीला जुलाब होत असतील तर आधी तिचे गाई-म्हशीचे दूध आठवडाभर बंद करून पाहावे. प्रौढ मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, आणि जंताच्या नावावर खपणारे पुष्कळसे जुलाब प्रत्यक्षात वाटीभर दुधाचे असतात. आणखी एक नेहमीचा गैरसमज : मांजराच्या शौचाच्या ट्रेमध्ये दिवसभर पडून राहिलेल्या विष्ठेत उन्हाळ्या-पावसाळ्यात माशांच्या अळ्या होतात. त्या मांजराच्या पोटातल्या नव्हेत. ताज्या विष्ठेत जे दिसेल तेवढेच धरावे.

जाऊबाईंच्या प्रकृतीची काळजी रास्त आहे आणि सासूबाईंचे भय निराधार नाही, पण त्यावरचा त्यांचा उपाय मात्र योग्य नाही. गर्भाला धोका पोहोचवू शकतो तो टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा परजीवी. आपल्याला दिसलेल्या दोन जंतांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मांजर हा त्याचा अंतिम यजमान, म्हणजे ज्याच्या शरीरात त्याची वाढ पूर्ण होते तो प्राणी, असल्याने त्याचे अंडीसदृश कोष केवळ मांजरवर्गीय प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात. परंतु सर्वसाधारणपणे मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हाच, एक ते तीन आठवडे, ती हे कोष टाकते. शिवाय बाहेर पडलेला कोष लगेच संसर्ग करू शकत नाही. त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोजच्या रोज, न चुकता साफ केला तर धोका बराच कमी होतो. जाऊबाईंनी बाळंतपण होईपर्यंत ट्रेला हात लावू नये, ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी हातमोजे घालून करावे. बागकाम करताना त्यांनीही हातमोजे वापरावेत. माणसांना हा संसर्ग अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या पालेभाज्यांतूनही होतो, तेव्हा स्वयंपाकघरातली काळजी मांजराइतकीच महत्त्वाची आहे : मटण पूर्ण शिजवावे, कच्च्या मटणाची पाटी आणि सुरी वेगळी ठेवावी, कोथिंबीर-मेथी भरपूर पाण्यात धुवावी. मनीलाही मटणाच्या दुकानातले कच्चे तुकडे देऊ नयेत, शिजवूनच द्यावेत. जाऊबाईंनी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर असल्याचे सांगावे. रक्ताची तपासणी आवश्यक आहे का हे त्या ठरवतील.

मुलासाठी काळजी गोलकृमीची आहे. ताज्या विष्ठेतली त्याची अंडी लगेच संसर्गजन्य नसतात, त्यांना काही आठवडे लागतात, पण नंतर सावलीतल्या मातीत ती वर्षानुवर्षे टिकतात. माती खाणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात. मानेवाड्याच्या पुढे आपल्याकडे जे नवे ले-आउट पडत आहेत, तिथे प्रत्येक बांधकामासमोर रेतीचा ढीग असतो. दिवसा त्यात मुले खेळतात आणि रात्री परिसरातली मांजरे त्यातच विसर्जन करतात. तो ढीग ताडपत्रीने झाकायला सांगावे, मुलाला तिथे बसू देऊ नये, आणि खेळून आल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावावी. पट्टकृमी मुलाला होण्यासाठी त्याने पिसू गिळावी लागते. असे क्वचित घडते आणि त्यावर उपचारही सोपा आहे.

ट्रे धुण्यासाठी फिनाईल वापरू नये. जंतांची अंडी त्याने मरत नाहीत, आणि त्यातली द्रव्ये मांजराच्या यकृताला बाहेर टाकता येत नसल्याने ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणाऱ्या मांजराला विषबाधा होऊ शकते. विष्ठा उचलून, ट्रे साबणाने घासून त्यावर उकळते पाणी ओतावे आणि तो उन्हात ठेवावा. एवढे पुरे आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगून एवढे जरूर कळवावे की पाच आठवड्यांची पिल्ले अनोळखी जागी सोडली तर ती जगत नाहीत, आणि प्राण्याला उपाशी-तहानलेले पडेल अशा स्थितीत टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे. त्याखेरीज, घरातली उपचार झालेली मांजर गेली की तिच्या जागी शेजारची उपचार न झालेली मांजर त्याच ओट्यावर येऊन बसते. तिच्या विष्ठेवर मग कुणाचेच लक्ष नसते. पिल्ले आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर, जंताच्या मात्रा आणि लसी देऊन, चांगली घरे पाहून द्यावीत. मनीचे नसबंदीचे ऑपरेशनही दूध सुटल्यावर करून घ्यावे. मांजर घरात राहिली तरी जाऊबाईंची झोप पिल्लांजवळ नको, एवढी अट सासूबाईंनी घातली तर ती मी आनंदाने मान्य करीन.

शेवटी गोळी देण्याबद्दल, कारण बहुतेक उपचार तिथेच फसतो. प्राझिक्वांटेल कडू असते. गोळी जिभेवर फुटली तर मांजर तोंडाला फेस आणते आणि आपण घाबरता. तो फेस कडूपणाचा आहे, विषाचा नाही. गोळीला थोडे लोणी लावून, मनीला टॉवेलमध्ये गुंडाळून, डोके किंचित वर करून ती जिभेच्या मुळाशी ठेवावी आणि लगेच सिरिंजने थोडे पाणी गालाच्या बाजूने पाजावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत गोधडीवर रोज नजर ठेवावी. औषधानंतर दोन-तीन दिवसांतच ताजे दाणे दिसले तर मात्रा पोटात गेली नाही किंवा कमी पडली असे समजावे. तीन आठवड्यांनंतर दिसले तर फणी आणि ओला कागद पुन्हा काढावा.